श्रावण ड्रायव्हरचं पाप

बडनेरा स्टेशनवरून घेतलेला ऑटो आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. ऑटोवाल्याने विजेच्या खांबाला बांधलेल्या फ्लेक्सकडे मान वर करून बघितलं, सावकाश वाचलं आणि म्हणाला, "पक्का बेवडा असन बुढा. पन सुधरला म्हना शेवटी." मीही वर बघितलं. माझा बाप होता. एस.टी.तून रिटायर झाला त्या दिवशीचा फोटो, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर डेपोतल्या पोरांनी लावलेला गुलाल कुणीतरी कॉम्प्युटरवर पुसून टाकलेला, आणि हाराखाली लाल अक्षरांत : 'दारूच्या गुलामगिरीतून प्रभूने सोडविलेले त्याचे साक्षीदार श्रावण ड्रायव्हर प्रभूकडे गेले.' त्याखाली आमच्या चर्चच्या मंडळीचं नाव आणि दुपारच्या अंत्यविधीची वेळ. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "तो माझा बाप आहे," मी म्हटलं. "आणि तो जन्मात कधी प्यायला नाही." ऑटोवाला ओशाळला. माणूस वाईट नव्हता. बॅग काढून देता देता त्याने साधं विचारलं, "मंग असं कावून लिवलं, ताई?" आता ह्याला काय सांगू? हाच प्रश्न घेऊन मी पन्नाशी ओलांडली.

बाप मेल्याचा फोन पहाटे आला तेव्हा अकोल्याच्या घरात मी रडले होते. गाडीत मूर्तिजापूरपर्यंत रडत होते. त्या फ्लेक्सखाली उभी राहिले आणि रडणं जे आटलं ते आटलंच. दातावर दात बसले. मी खांबाजवळ गेले आणि सुतळी ओढायला लागले, पण ती वर बांधलेली, माझा हात पुरेना. समोरचा चक्कीवाला काउंटरवरून बघत होता. त्याला वाटलं असेल, दुःखानं पोरीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. चाळीस वर्षं हे चार भिंतींच्या आत होतं, मंडळीच्या त्या पत्र्याच्या हॉलच्या आत. तिथे सांगायचे, तिथेच हालेलुया म्हणायचे. आता खांबावर चढवलं. चक्कीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की हा बेवडा होता. आणि ज्याच्याविषयी सांगितलं तो आता मान हलवून नाही म्हणायलासुद्धा उरला नाही. जिवंत होता तेव्हा तरी कुठे म्हणाला, ही गोष्ट वेगळी.

माझा बाप अमरावती-धारणी गाडीवर होता. मेळघाटातला तो रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. एका बाजूला दरी, समोरून भरलेली जीप, टपावर माणसं, आणि पावसाळ्यात रस्त्याचा अर्धा भाग कुठे गेला ते रस्त्यालाच माहीत. त्या रस्त्यावर बापाने आयुष्य काढलं, गाडीला कधी ओरखडा नाही. धारणीच्या स्टँडवर बाया विचारायच्या, "ड्रायव्हर कोन हाय? श्रावणभाऊ हाय का?" मग पोरं घेऊन चढायच्या. डेपोत त्याला भगत म्हणायचे. होळीला कंडक्टर लोक ग्लास पुढे करायचे, चिडवायचे, "घे ना गा भगता, एका घोटानं तुया येशू काई रागवत नाई," आणि हा हसून शेंगदाणे उचलायचा. सुपारीसुद्धा नाही. चहा मात्र पाकासारखा गोड. तर हा माणूस सहा दिवस भगत असायचा आणि रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, आईच्या मागे मागे बेवडा व्हायला जायचा.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी होतात. ज्याला प्रभूने काय केलं ते सांगायचं असेल त्याने उभं राहायचं. साक्षीची एक रीत असते. आधी घाण, मग प्रभू, मग स्वच्छता. जितकी घाण जास्त तितका प्रभू मोठा. जुगारी उठला की हॉल पुढे सरकून ऐकतो. बायको मारणारा उठला की बाया पदर डोळ्याला लावतात. आणि माझी आई केशरबाई उठली की लोक खोकून घ्यायचे. कारण आई जन्मापासून ख्रिस्ती, आजोबा मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, शिवी माहीत नाही, खोटं माहीत नाही, पाळण्यात होती तेव्हापासून देवाची गाणी. ती काय सांगणार? "प्रभूनं मले सांभाळलं, त्याची स्तुती असो." बस. एक कोरडं आमेन, आणि पुढचा. मी तिसरीत होते त्या वर्षीच्या एका रविवारी ती उठली, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला, आणि म्हणाली, "माया नवरा दारू पेत होता." एवढं एकच वाक्य, आणि मग, "प्रभूनं सोडवलं." हॉल जो उसळला! पाळक व्यासपीठावरून खाली उतरले, पुरुषांच्या बाजूला गेले, बाबाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करायला लागले. मी आईच्या मांडीला टेकून बसले होते. मला बाबा दिसत होता. सतरंजीचा एक निघालेला धागा तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. मान खाली. लोकांना वाटलं, पश्चात्ताप आहे.

मग ती साक्ष वाढत गेली. एखादी वेल मांडवावर चढावी तशी चढत गेली. आधी नुसता प्यायचा, मग भांडी विकायला लागला, मग आईच्या अंगावर गरम वरण फेकलं, मग आम्हां दोघींना मारायला लागला. पुढे मीही तिच्यात आले. "माही लेक तापानं फणफणत होती अन हा औषधाचे पैसे पेऊन आला." मंडळी संपली की बाया माझ्या गालावरून हात फिरवायच्या, "बिचारी वं," आणि मी, मूर्ख पोरगी, बिचारीसारखं तोंड करायचे. आई दुसऱ्या मंडळ्यांत बोलावली जाऊ लागली. परतवाडा, चांदूर बाजार, आणि खाली धारणीकडच्या खेड्यांत, जिथे मोहाची दारू घराघरात. बाबाच्याच गाडीतून ती जायची. तोच घेऊन जायचा तिला. घाट उतरवून, सांभाळून, आपल्याच बदनामीला. आई पुढच्या सीटवर बसून पुटपुटत साक्षीची तयारी करायची आणि तो गिअर बदलायचा. आता सांगा, राग कुणाचा करायचा?

आणि सगळ्यात मोठी चीड ह्याची आहे की मला तो मार आठवतो. जो झालाच नाही तो. खाटेखाली मी बसलेय, समोर बाबाचे पाय, टाचांना चिखल, आणि एक आंबट, कुजका वास. मला पक्कं माहीत आहे की असं घडलं नाही. पण वास येतो. नवऱ्याने कधी आवाज चढवला की माझे खांदे आपोआप वर होतात, आणि मग मीच माझ्यावर चिडते, अगं तुला कुणी मारलं होतं? इतक्या वेळा ऐकलं की मनात घर करून बसलं. कधीकधी, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, मला वाटतं, प्यायला असेल का खरंच? मी जन्मायच्या आधी? एखाद्या वेळी? आणि मग स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. माझ्याच बापावर माझा भरवसा राहू दिला नाही ह्या लोकांनी. माझं पहिलं जमत आलेलं लग्न त्यातच गेलं. अकोल्याचंच घर होतं, मुलगा मास्तर. त्यांनी आमच्या पाळकांना विचारलं, मुलीचे वडील कसे आहेत? पाळक मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आता एकदम बदललेले आहेत." आता! त्या एका शब्दाने घर गेलं. नंतर झालं लग्न, संसार बरा झाला, पण सासू मरेपर्यंत रागावली की म्हणायची, "शेवटी बेवड्याचीच लेक."

मी बाबाला एकदाच तोंडावर विचारलं होतं. बारावीत होते. तो अंगणात बसून सायकलची चेन साफ करत होता. म्हटलं, "तुमी बोलत कावून नाई? उभं राहून एकदा सांगत कावून नाई, का हे खोटं हाय?" तो चेन फिरवत राहिला. म्हणाला, "म्या पेलो नाई हे मले माईत हाय. वरच्याले माईत हाय. मंग तिसऱ्याले कायले सांगाचं?" मी म्हटलं, "बाबा, तिसरी मी हाओ." त्याने माझ्याकडे बघितलं, काळा हात पुसला, आणि हसला. बस, हसला. असा माणूस. देवाशी त्याचं काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. आईशी लग्न व्हावं म्हणून तो पाण्यात उतरला होता, बाप्तिस्मा घेतला होता, पण सभेत पाळक गहिवरून म्हणायचे, "ज्याला आपलं पाप कळलं त्याने पुढे यावं," तेव्हा हॉल रिकामा होऊन वेदीजवळ गोळा व्हायचा आणि हा मागच्या भिंतीला टेकून बसलेला. मी दुसरीत असताना एकदा आईने मागे जाऊन कोपराने ढोसलं तर म्हणाला, "म्या कोनाचं काय बिघडवलं?" सगळ्यांना ऐकू गेलं. आईचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं लाजेने.

घरात शिरले तर शवपेटी बैठकीत ठेवलेली, आई भिंतीशी, भोवती बाया. मला बघून आईने हात पसरले. मी त्या हातांत गेले नाही. आधी बापाजवळ गेले. दाढी कुणीतरी छान केली होती. मग उभी राहून म्हटलं, "तो फ्लेक्स कोनं लावला?"  आई म्हणाली, "मंडळीनं लावला." मी म्हटलं, "काढा." तेवढ्यात पास्टर गजेंद्र आत आले. आमचे आताचे पाळक, तिशी-पस्तिशीचे, धारणीकडच्या खेड्यातले. त्यांचे वडील शेषराव गावातले नावाजलेले पिणारे होते. आईची साक्ष ऐकून त्यांनी त्याच दिवशी सोडली आणि पुन्हा शिवली नाही. हे खरं आहे, ह्यात खोट नाही. तो बाप प्यायचा थांबला म्हणून पोरगा शिकला, पाळक झाला. पास्टर माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "ताई, आज दोन शब्द तुमी सांगा. बाबा कसे होते अन प्रभूनं कसे केले. लेकीच्या तोंडून लोकाइले बळ भेटन."

मी त्यांना परसात नेलं. म्हटलं, "पास्टर, सरळ सांगते. माझा बाप कधी प्यायला नाही. एक थेंब नाही. आईनं रचलं सगळं."  मला वाटलं होतं ते बायबलचं वचन काढतील, समजूत घालतील. तसं काही न करता ते नळाच्या दगडावर बसले. म्हणाले, "ताई, माया बाप आला हाय. समोरच बसन तो. म्हातारा रोज सकाळी श्रावणभाऊचं नाव घेऊन उठते. त्याले सुटलं, मंग मलेबी सुटन, असं म्हनून त्यानं ते दिवस काढले." मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या बापासाठी माझ्या बापानं कबरेतसुद्धा बेवडा राहायचं?" ते म्हणाले, "राहिला तं बरं होईन, ताई." लबाडी नव्हती हो त्या आवाजात, हीच पंचाईत. पायाखालची जमीन काढून घेतल्यावर माणूस जसा बघतो तसे बघत होते. पण मी का दया करू? माझ्यावर केली कुणी? सगळ्यांचं तारण झालं, सगळ्यांची घरं उभी राहिली, आणि खाली दगड कुणाचा ठेवला, तर ज्याने काही केलं नाही त्याचा. म्हटलं, "मी खरं सांगणार. पुरायच्या आधी सांगणार. नंतर सांगून काय उपयोग?" ते उठले. म्हणाले, "सांगा. मी अडवत नाई."

दुपारी हॉल गच्च भरला. ऑक्टोबरची उष्णता, पत्रा तापलेला, पंखे नुसते फिरताहेत. पुढच्या रांगेत आई, पलीकडे काठीवर हनुवटी टेकवून शेषराव. माझं नाव घेतलं. मी पेटीजवळ उभी राहिले, माइक हातात. हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे, आणि त्या तोंडांवर ती सवयीची तयारी दिसत होती, आता घाण येईल, आता रडू, आता हालेलुया.  मग बापाच्या त्या दाढी केलेल्या गालाकडे बघितलं आणि बोलले. "मी श्रावण ड्रायव्हरची मुलगी संध्या. तुम्ही सगळ्यांनी इथं चाळीस वर्षं जे ऐकलं ते झालेलं नाही. माझ्या बापानं कधी दारू पिली नाही. त्यानं माझ्या आईवर कधी हात उचलला नाही. मला ताप आला तेव्हा तो मला खांद्यावर घेऊन इर्विन हॉस्पिटलपर्यंत चालत गेला होता. तो स्वच्छ होता. पहिल्यापासून." आवाज फाटत होता पण शब्द स्पष्ट होते.  शेषरावांनी हनुवटी वर केली. मला वाटलं, झालं. सुटला बाप.

आणि आई उठली. ऐंशीची बाई, गुडघे धरून उठली, दोन्ही हात वर केले आणि आढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका! ऐका वं बायांनो! प्रभूनं असं धुतलं, असं धुतलं, का पोटच्या पोरीलेबी आठवत नाई! तिच्या डोस्क्यातूनबी त्यानं पुसून टाकलं!"  मग हॉल फुटला. हालेलुया, हालेलुया, पत्रा थरथरला. बाया रडत होत्या, माणसं हात वर करून उभी. शेषराव काठी सोडून ढसाढसा रडत होते. मी माइकमध्ये ओरडत होते, "नाही! तसं नाही! ऐका माझं!" आणि माझं प्रत्येक नाही त्यांच्या हालेलुयात जात होतं. जितकी मी ओरडले तितकी साक्ष मोठी झाली. पास्टर गजेंद्र कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बघत होते. त्यांनी हालेलुया म्हटलं नाही, एवढं मी बघितलं. मग गाणं सुरू झालं.

मी माइक ठेवला आणि आईच्या शेजारी जाऊन बसले. अंगाची लाही होत होती. तिच्या कानाशी तोंड नेलं. "तुले माईत हाय ना माय, तो पेत नोता?"

"माईत हाय," ती म्हणाली. समोर बघत. ओठ गाण्यासारखेच हलत होते.

"मंग कायची भूक होती तुले? लोकाइनं हालेलुया म्हनावं, एवढीच ना?"

तिने मान वळवली. इतक्या जवळून तिचे डोळे मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. "हालेलुयाले काय चाटाचं हाय? तो पुढं जात नोता वं. पाळक बोलावत, हा जागचा हालत नोता. म्हने, म्या कोनाचं काय बिघडवलं. तुले आठवते? मी रातभर जागी राहो. पाप कबूल केल्याबिगर आत घेत नाई, हे मले दूध पेत होती तवापासून शिकवलं. अन ह्याच्यापाशी दाखवाले एकबी नोतं. असा चांगला मानूस, अन जाईन कोठी तं आगीत. मंग म्या देल्लं त्याले एक. पाळकानं डोक्यावर हात ठेवला, क्षमा मागतली, त्यानं मान खाली घातली. नाई म्हटलं नाई त्यानं. झालं. तरला तो."

"अन दर महिन्याले वाढवत गेली ते?"

"लहान पापानं भागन का नाई, कोनाले माईत? म्या पक्कं केलं."

मला तिचा गळा धरावासा वाटला. खरंच वाटला. "अन तुयं काय?" मी म्हटलं. "देवाच्या घरात उभी राहून जनमभर खोटी साक्ष देल्ली. त्याची क्षमा कदी मागतली?"

"कशी मागू?" ती म्हणाली. जसं मीठ संपलं सांगावं तसं. "मागाची तं सांगा लागन का खोटं होतं. मंग त्याचं तारण कायचं? तो पुन्हा उघडा पडन. नाई मागतली. मी कोठी जातो ते मले ठाऊक हाय, संध्ये. पयलेपासून ठाऊक हाय."

गाणं संपत आलं होतं. माणसं पेटी उचलायला पुढे आली. आईने माझं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी होती. "एक सांगतो ते ध्यानात ठेव. मले त्याच्या बाजूले पुरू नको. भितीपाशी, कोठीबी पुर, दूर. सगळे उठतीन त्या दिवशी तो उठन, बाजूले पाहीन, अन मी नसन. त्याले वाईट वाटन."

कुणीतरी मला म्हणालं, "ताई, बाजूला व्हा, पेटी न्यायची आहे." मी झाले नाही.